मधल्या वर्गांना वाली कोण?

महाराष्ट्रात शाळेवरून वाद पेटतो तेव्हा तो बहुधा पहिलीवरून पेटतो, नाही तर दहावीवरून. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयाने राज्य ढवळून निघाले आणि जूनअखेर शासनाला तो मागे घ्यावा लागला. दहावीचा निकाल आणि अकरावीचे प्रवेश तर दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांची पाने व्यापतात. सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्गांसाठी कुणी मोर्चा काढल्याचे किंवा विधिमंडळ गाजवल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. शासनाचे लक्षही असेच दोन टोकांना वाटले गेले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या वाचनावर आणि अंकज्ञानावर आहे, आणि तो योग्यच आहे. दुसरे टोक मंडळाच्या परीक्षेने सांभाळले जाते, कारण शाळेची अब्रू त्या निकालावर ठरते. मधल्या तीन वर्षांत मूल अकराचे चौदा वर्षांचे होते, त्याचे शरीर बदलते, विषय अवघड होतात, पुष्कळदा शाळाही बदलते. आणि नेमक्या याच काळात त्याला पुरते ओळखणारे, त्याच्या शिकण्याचा भार आपला मानणारे एकही माणूस शाळेत उरत नाही. हे दुखणे परीक्षेने बरे होणार नाही आणि नव्या पाठ्यपुस्तकांनीही होणार नाही. सहावीत आलेल्या प्रत्येक तुकडीला आठवीपर्यंत तोच वर्गशिक्षक मिळावा आणि त्या शिक्षकाला मुलांसाठी रोज राखलेला वेळ असावा, ही माझ्या मते पहिली गरज आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पदवीधर शिक्षिका म्हणून गणित आणि विज्ञान शिकवले. त्यातली बरीच वर्षे पाथर्डी तालुक्यात गेली, जिथून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. सहावीच्या वर्गावर जूनअखेरीस मी एक उदाहरण ठरवून फळ्यावर लिहीत असे: अर्धा अधिक एक तृतीयांश. निम्म्याहून अधिक वह्यांत उत्तर येई, दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, आणि काम संपले. एका वर्षी खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाने असेच उत्तर काढले होते. मी त्याला विचारले, “तुमच्या घरचे कोयते किती?” ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तो लगेच म्हणाला, “दीड, बाई. आई-बाबांचा एक आणि दादाचा अर्धा.” एका कोयत्याला लाखाची उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, धरली तर तिघांची मिळून किती आणि त्यात दादाच्या वाट्याची किती, हेही त्याने बोटे न मोजता सांगितले. मग मी एवढेच विचारले, की अर्ध्यात आणखी काही मिळवले तर उत्तर अर्ध्याहून कमी येईल का. तो वहीकडे बघत राहिला आणि न सांगता त्याने दोन पंचमांश खोडले.

या मुलाला अपूर्णांक येत नव्हता असे म्हणता येणार नाही. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घराघरांत रुळलेले आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे पाढेच्या पाढे मुखोद्गत करून घेत असत. घरात हे ज्ञान आजही टिकून आहे, परंतु सहावीच्या पुस्तकातले अंश, छेद आणि समच्छेद रूप यांच्याशी त्याची गाठ कुणी घालून देत नाही. पुढे सेमी इंग्रजीचा वर्ग आला की त्याच छेदाचे डिनॉमिनेटर होते आणि मुलाच्या मनात ही तिसरीच वस्तू तयार होते. विज्ञानाचेही तेच आहे. भल्या पहाटे गवतावरचे दव पाहिलेल्या आणि चुलीवरच्या झाकणाखाली साचलेले पाणी रोज पाहणाऱ्या मुलीपुढे एकाच पानावर बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि संप्लवन उभे राहतात, तेव्हा तिला माहीत असलेली गोष्ट तिला माहीत नसल्यासारखी वाटू लागते. चौथी-पाचवीपर्यंत धडा गोष्टीसारखा असतो आणि न कळलेला शब्द गोष्टीच्या ओघात निभावून जातो. सहावीपासून तो शब्दच धड्याचा आशय होतो. ज्याचे वाचन अजून अडखळते आहे त्याच्यासाठी एकाच वर्षात सगळे विषय बंद होतात, आणि तो मात्र तीन वर्षे वर्गात बसून असतो.

अशी मुले थोडी नाहीत. ग्रामीण भारतातील मुलांचे शिकणे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार आठवीतल्या केवळ ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण सोडवता आले. त्याआधीच्या वर्षीच्या अहवालात चौदा ते अठरा वयाच्या मुलांची पाहणी होती. त्यांतल्या सुमारे चतुर्थांश मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सफाईने वाचता येत नव्हता. यातली बहुतेक मुले आठ-आठ वर्षे शाळेच्या पटावर राहिलेली आहेत. हजेरीत त्यांची नावे आहेत, दुपारचा पोषण आहार त्यांनी घेतला आहे, दर वर्षी त्यांची इयत्ता पुढे सरकली आहे. म्हणजे मुले शाळेपर्यंत आली, पण शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

यावर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे परीक्षा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि त्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे न ठेवण्याचे बंधन घातले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, पुनर्परीक्षेची संधी दिल्यानंतरही मूल अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती स्वीकारली. नापासाची भीती गेली म्हणून मुले अभ्यास करीनाशी झाली, असे या बाजूने सांगतात. शाळेतली माझी वर्षे मला नेमके उलटे सांगतात. ज्याला भागाकार येत नाही तो मुलगा वर्गातला सर्वांत बेफिकीर दिसत असला तरी सर्वांत जास्त भ्यायलेला तोच असतो. फळ्याजवळ बोलावले जाण्याची धास्ती त्याने मस्तीखाली झाकलेली असते. त्याला आणखी एक भीती देऊन काय साधणार? आठवीच्या शेवटी परीक्षा जे सांगते ते सहावीच्या जुलैत शिक्षकाला कळू शकते आणि कळायला हवे. निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते, म्हणजे मुलाचे तीन वर्षांचे राहून गेलेले शिकणे मे महिन्याच्या सुट्टीत भरून काढायचे, आणि ते कुणी भरून काढायचे याचे उत्तर कुठल्याच शाळेकडे नसते.

दुसऱ्या बाजूचीही पाठराखण मला करता येत नाही. परीक्षेऐवजी आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची कल्पना उत्तम होती. मुलाकडे वर्षभर बारकाईने बघावे आणि जिथे अडले तिथेच मदत करावी, हेच तिचे सार होते. प्रत्यक्षात तिच्या वर्णनात्मक नोंदी झाल्या. ‘आवडीने सहभाग घेतो’, ‘स्वच्छतेची सवय आहे’ अशा तयार वाक्यांची पुस्तके बाजारात आली आणि चाळीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत भरल्या जाऊ लागल्या. पास-नापासाच्या वादात दोन्ही पक्ष मुलाला वर्गात कुठे बसवायचे यावर भांडत राहिले. बसवल्यावर त्याच्याशेजारी कोण बसणार, हा प्रश्न तसाच राहिला.

मूल सुटते कुठे, हे शाळांच्या रचनेतच दिसते. कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे ठरवले, पण आपल्याकडची जुनी घडी चौथी आणि सातवीची होती आणि शाळांच्या इमारती, संस्था, पदे त्याच घडीने उभी राहिलेली आहेत. एके काळी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला स्वतःची प्रतिष्ठा होती. ती परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके आणि गावात त्याला ‘फायनल झालेला’ म्हणून मान असे. ती प्रतिष्ठा गेली आणि मागे राहिला तो नुसता सांधा. आज कुठे मूल चौथीनंतर बाहेर पडते, कुठे पाचवीनंतर, कुठे सातवीनंतर, आणि वाडीवरच्या शाळेतून संस्थेच्या हायस्कूलमध्ये जाते. जुन्या शाळेतून नव्या शाळेत त्याच्याबरोबर दाखला जातो. हा मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडतो, किंवा या मुलीला वडील नाहीत आणि ती मोठ्याने बोललेले सहन करू शकत नाही, हे दाखल्यावर लिहिलेले नसते.

प्राथमिक शाळेत एकच गुरुजी किंवा बाई मुलाला दिवसभर पाहतात. सहावीत पाच-सहा शिक्षक एकेका तासापुरते वर्गात येतात आणि जातात, आणि विषयांचा विचार करता ते आवश्यकच आहे. वर्गशिक्षक नावाचा माणूस असतो, पण त्याच्याकडे हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची दुरुस्ती, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा ‘अपार’ ओळख क्रमांक ही कामे असतात. मुलाच्या वाट्याला त्याच्यातला लिपिक तेवढा येतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना लिपिकाचे पदच नसते, त्यामुळे मी कुणा शिक्षकाला दोष देत नाही. मीही ही सगळी कामे केलेली आहेत, आणि ती करताना समोर उभे असलेले मूल काय सांगू पाहते आहे याकडे माझेही दुर्लक्ष झालेले आहे.

वर्गशिक्षकाने वर्गशिक्षक म्हणून काय पाहावे, हे मला एका हजेरीपटाने शिकवले. सातवीतली एक मुलगी दर महिन्याला सलग तीन-चार दिवस गैरहजर दिसत होती. प्रत्येक विषयाचा शिक्षक तिला ‘अनियमित’ म्हणत होता, कारण प्रत्येकाला आपापल्या तासापुरतीच तिची रिकामी जागा दिसत होती. पटावरचे खाडे एका रेषेत मांडून पाहिल्यावर प्रश्न उलगडला: शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हते आणि वापरलेले कापड टाकायला जागा नव्हती. ग्रामपंचायतीकडून एक टाकी आणि नळ बसवून घेण्याला दीड महिना लागला. त्यानंतर तिचे खाडे थांबले, आणि तिच्याबरोबर आणखी तिघींचेही थांबले, ज्यांच्याकडे तोवर माझे लक्षच गेले नव्हते. मुलांचे दुखणे वेगळ्या रूपात येते. आठवीत एखाद्याचा आवाज फुटतो आणि तो मोठ्याने वाचायचे थांबतो, कारण वर्ग हसतो. भाषेचा शिक्षक समजतो की पोरगा आता शेफारला आणि मुद्दाम गप्प बसतो. सहावीपासून त्याला ओळखणारा शिक्षक असता तर तो एवढेच म्हणाला असता, की महिनाभर याला मोठ्याने वाचायला सांगू नका.

म्हणून तीन वर्षे तोच वर्गशिक्षक. तो आपला विषय शिकवील आणि बाकीचे विषय त्या त्या विषयाचे शिक्षकच शिकवतील, पण तुकडीतल्या प्रत्येक मुलाचे वाचन कुठे आहे, गणित कुठे अडले आहे आणि घरात काय चालले आहे, हे माहीत असण्याची जबाबदारी त्याची असेल. यासाठी वेळापत्रकात रोजचा पहिला तास त्याच्या हाती राखून ठेवावा लागेल, ज्यात पाठ्यपुस्तक उघडले जाणार नाही आणि मुले इयत्तेऐवजी आपापल्या पातळीप्रमाणे गटांत बसतील. पातळीनुसार शिकवण्याची ही रीत नवी नाही. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ती रुजवली आहे, आणि मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळा वेळ दिल्याने काय होते हे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत व वडोदऱ्यात पद्धतशीर मोजून पाहिले आहे, मुलांची प्रगती झालेली त्यांना आढळली. ते काम तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर झाले होते. सहावीत पोहोचलेल्या मुलाला याची गरज संपली, असे आपण कशाच्या आधारावर गृहीत धरले?

या सूचनेवर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे, की वर्गशिक्षकच वाईट निघाला तर मुलांची तीनही वर्षे वाया जातील. तो मी हलका मानत नाही. उपहास करणाऱ्या किंवा हात उगारणाऱ्या माणसाच्या हाती तुकडी तीन वर्षे सोपवणे अन्यायाचे होईल, आणि म्हणून मुख्याध्यापकाला आणि शाळा व्यवस्थापन समितीला वर्षअखेरीस बदल करण्याचा अधिकार असलाच पाहिजे. तथापि आजच्या व्यवस्थेत असा माणूस लपून राहतो, कारण एका वर्षानंतर त्याच्या कामाचा हिशोब दुसऱ्याच्या खात्यावर जातो. तीन वर्षे एकच तुकडी हाती असलेल्या शिक्षकाला मागच्या वर्गावर बोट दाखवता येत नाही. बदल्यांचा प्रश्न याहून सोपा आहे. तुकडी आठवीतून बाहेर पडेपर्यंत वर्गशिक्षकाची बदली होऊ नये, एवढा नियम करण्याला पैसा लागत नाही.

पैसा लागेल तो पदांना. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या प्रत्येक गटाला किमान एक शिक्षक सांगितला आहे. शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या दर संचमान्यतेला मात्र हिशोब पटसंख्येवर येतो, वाडीवस्तीवरचा पट घसरला की पद उडते, आणि मराठी किंवा इतिहास घेऊन पदवीधर झालेला शिक्षक नाइलाजाने बीजगणित शिकवतो. पट कमी म्हणून पद नाही, गणिताला शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढून तालुक्याच्या शाळेत घालतात, आणि म्हणून पट आणखी कमी, असे हे चक्र मी माझ्या डोळ्यांनी फिरताना पाहिले आहे. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सर्व शाळांसाठी एक लिपिक नेमला तरी वर्गशिक्षकांचे कित्येक तास मुलांसाठी मोकळे होतील. हे खर्च आहेत आणि ते केलेच पाहिजेत.

ते न करण्याची किंमत सर्वांत आधी मुली देतात. गावाबाहेरच्या हायस्कूलला जाण्यासाठी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि ही महाराष्ट्राने केलेली फार चांगली गोष्ट आहे. पण गाडी वेळेवर नसली तर पास दप्तरातच राहतो आणि अंधार पडायच्या आत पोर घरी आली नाही की आई-वडील शाळा बंद करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे आणखी कठीण होते. गावात हंगामी वसतिगृह असले तरी लहान भावंडाला कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, सांभाळायला बारा वर्षांची बहीण लागते, आणि न्हाण आलेली मुलगी आजीच्या भरवशावर मागे ठेवायला आई धजत नाही. पुढे लवकर लग्न लावले जाते, कारण लग्नाने मुलाकडचा अर्धा कोयता पूर्ण होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले होते. कायद्याची मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमीही नेमकी चौदाव्या वर्षी, आठवीला संपते. त्यामुळे मुलगी नववीत जाणार की नाही याचा निर्णय घरात होतो तो सातवी-आठवीच्या काळात, आणि त्या वेळी दारात जाऊन बोलणारे कुणी असेल तर ते तिला तीन वर्षे ओळखणारे माणूसच असू शकते. अनोळखी शिक्षकाला घरात पाणी मिळते. त्याचा शब्द मानला जात नाही.

माझ्या नोकरीत फक्त एकदा असे झाले, की दुसरा पदवीधर शिक्षक मिळाला नाही म्हणून एक तुकडी सहावीपासून आठवीपर्यंत माझ्याकडेच राहिली. तो नियम नव्हता, अडचण होती. त्या तुकडीतली एक मुलगी सहावीच्या नोव्हेंबरात टोळीबरोबर गेली तेव्हा वर्ग दशांश अपूर्णांकांवर होता आणि तिच्या वहीत एक गुणाकार अर्ध्यावर राहिला होता. ती मार्चअखेर परतली, एप्रिलमध्ये सर्वांबरोबर परीक्षेला बसली आणि श्रेणी घेऊन सातवीत गेली. नवा शिक्षक असता तर त्याला ती श्रेणी दिसली असती. मी तिची वही कपाटात ठेवलेली होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ती तिच्या हाती दिली, आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचे यावर अडलेला तो गुणाकार आम्ही तिथूनच पुढे सुरू केला.